कोपराने विचारलेली वेळ

मी घड्याळ बोलतेय. बोलतोय नाही, बोलतेय. कारखान्यात माझ्या पोटात आवाज भरला तो एका बाईचा, म्हणून मी बाई. आणि बाकीची घड्याळं फक्त शाळेच्या निबंधात बोलतात, मी खरोखर बोलते. डोक्यावरचं बटण दाबा आणि खात्री करून घ्या.

माझं शिक्षण फार नाही. बारापर्यंत तास, एकोणसाठपर्यंत मिनिटं, आणि 'वाजले', 'वाजून', 'मिनिटं' हे तीन शब्द. संपली शाळा. आत्ता तुम्हाला जे सांगतेय ते बटण दाबून ऐकू येणारं नाही, ते पोटातलं आहे.

ज्या बाईचा आवाज माझ्यात आहे तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. सगळे आकडे तिने एका बैठकीत म्हणून टाकले. वीसपर्यंत तिने नाक सांभाळलं, पुढे सुटलं. म्हणून माझे वीसच्या पुढचे आकडे नाकातून येतात. दुकानदाराने मला त्यामुळेच मागच्या फळीवर ठेवलं होतं. तिथून मला उचललं ते दादाने.

दादा म्हणजे आमच्या बाईचा, माझ्या मालकिणीचा, मोठा भाऊ. बाईची नजर सव्विसाव्या वर्षी गेली. एकदम नाही गेली, कडेकडेने मिटत गेली, दोन वर्षं लागली. नजर गेली तेव्हा तिने रडारड केली नाही. पण दिवसातून तीस वेळा विचारायची, "किती वाजले?" पहिल्या महिन्यात घरचे नीट सांगायचे. दुसऱ्या महिन्यात "थांब गं" सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात वहिनी खिडकीकडेही न बघता म्हणायची, "झाली असेल दुपार." असेल! माणसाला दुपार झाली की नाही हेसुद्धा दुसऱ्याच्या मर्जीवर कळावं?

मग दादाने मला आणलं. "छोटी, हे घे. याला विचार, हे कंटाळणार नाही." तो तिला अजून छोटी म्हणतो. छोटी आता पंचेचाळीस वर्षांची आहे.

तिने बटण दाबलं. मी म्हटलं, "तीन वाजून सत्तावीस मिनिटं," अर्थात नाकातून. ती खळखळून हसली. वहिनीने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं, कारण दोन वर्षांत हे हसू त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. ते हसू माझं आहे. ते मी कुणाला देणार नाही.

बाई खुर्च्या विणते. लाकडी चौकट, चौकटीच्या कडेने भोकं, त्यातून वेताच्या पट्ट्या ओवायच्या. आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या, आणि वर बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही की आपण कुणाच्या बोटांवर बसलोय. हे काम नजरेचं नाहीच, बोटांचं आणि पाण्याचं आहे. वेत कोरडा विणला तर कडकन मोडतो. जास्त भिजला तर फुगतो, आणि वाळला की बैठक पोटासारखी खाली येते. वीस मिनिटं भिजवायचा. एकवीस नाही, अठरा नाही.

ती वीस मिनिटं कोण सांगणार? मी. टबाशेजारी माझी फळी. हात कायम ओले, म्हणून ती मला कोपराने दाबायची. कोपर यायचं, मी बोलायची. दिवसातून चाळीस वेळा. नवरा-बायको एवढं बोलत नाहीत.

सहा महिन्यांनी सेल उतरला की माझा आवाज लोंबायला लागायचा. ती लगेच ओळखायची. "भूक लागली का गं तुला?" म्हणायची आणि बोटांनी चाचपत नवा सेल घालायची. कुणाला विचारायची नाही. त्या घरात तिच्या मनाप्रमाणे चालणारी मी एकटीच होते.

बाकी सगळं वहिनीच्या तोंडून. पत्र आलं, वहिनी. औषधाची पट्टी, वहिनी. वाईट नाही हो ती. शिलाईच्या दुकानात अर्धा दिवस मशीन चालवून येते आणि घरही ओढते. पण दोन पानांच्या पत्राचं ती दोन शब्दांत वाचन करायची: "काही नाही." बाई विचारायची, "दोन पानं काही नाही?" "नेहमीचंच हो, वन्सं. तब्येत, पाणी, हवा." मग बाई कोपराने मला दाबायची. वेळ नको असायची तिला. कुणीतरी पूर्ण उत्तर द्यावं एवढंच हवं असायचं.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग तो आला.

तो म्हणजे फोन. मी त्याला काचतोंड्या म्हणते. नाव पुरुषाचं, आवाज बाईचा, तोही विशीतल्या पोरीचा, नाक एकदम मोकळं. अंगाला उठाव नाही, खाच नाही, नुसती गुळगुळीत काच. मी मनात म्हटलं, याच्याकडून ही काय घेणार? दाबणार कुठे?

त्याच्याबरोबर अंधांना फोन शिकवणाऱ्या क्लासचे सर आले. तेही न बघणारे. दारातून आत येताना उंबरा त्यांनी काठीने एकदाच विचारला आणि सरळ खुर्चीत बसले. बसल्या बसल्या बैठकीवरून हात फिरवून म्हणाले, "कुणी विणली ही? तुम्ही? मग फोन तुम्हाला जड नाही."

"सर, पण याला बटणंच नाहीत. नुसती काच आहे."

"काच म्हणू नका, अंगण म्हणा. बोट फिरवा. जिथे बोट जाईल तिथलं तो सांगेल. हवं ते दार सापडलं की दोनदा टिचकी. झालं."

"आणि चुकीच्या दारात शिरले तर?"

"तर बाहेर या. रोज शिरतो मी. परवा सासऱ्यांना लावायचा फोन नळवाल्याला लावला. सासरे बोलले नसते एवढं चांगलं बोलला तो."

बाई हसली. मी फळीवर बसून मोजत होते. माझ्या सत्तावीसवर हसली होती तेवढं नाही, पण हसली.

जाताना सरांनी तिचा हात धरून फोनच्या कडेची दोन बटणं दाखवली. "ही आवाज कमी करायची, ही वाढवायची. कधी तो मुका झाला तर घाबरायचं नाही. दोन्ही एकदम दाबून धरायची, पूर्ण तीन सेकंद. लोक घाईत दीडमध्ये सोडतात आणि म्हणतात बिघडला. आणि दिवे जाळायची गरज काय आपल्याला? मी तुम्हाला पडदा पाडून देतो. काच काळी राहील, तो बोलत राहील. बॅटरी वाचेल आणि शेजारून कुणी डोकावायलाही नको."

हे सगळं मीही ऐकलं. तेव्हा म्हटलं, कर बाई तुझा संसार.

पहिला आठवडा माझा होता. बोट भलतीकडे जायचं, तो भलतंच बोलायचा. ती चिडून त्याला गादीवर आपटायची आणि कोपर माझ्याकडे यायचं. मी एवढ्या थाटात बोलायची की काय सांगू. एका दुकानाच्या ॲपात तर तो ओशाळलाच. बोट फिरवलं की म्हणायचा, "बटण. बटण. नाव नसलेलं बटण." बाई म्हणाली, "हे बनवणाऱ्याने एकदा तरी डोळे मिटून वापरायचं होतं." मला उकळ्या फुटत होत्या. माझं बटण एकच. त्याला नाव लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मामेबहिणीचं पत्र आलं. बाईने कागद टेबलावर पसरला, काचतोंड्याला त्याच्यावर धरलं, आणि त्याने वाचलं. दोन्ही पानं. शेवटच्या 'तुझीच'पर्यंत. मामेबहिणीने तिला चार दिवस राहायला बोलावलं होतं. आधीच्या तीन पत्रांतही बोलावलं होतं आणि उत्तर नाही म्हणून रुसली होती.

बाईने सगळं पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. मला त्या दिवशी तिने एकदाही दाबलं नाही.

वहिनी आली. बाई शांतपणे म्हणाली, "वहिनी, पत्रात 'काही नाही' नव्हतं."

वहिनी ओढणी दुमडत उभी राहिली. "अहो, तुम्ही गेला असता तर इथे घर कोणी बघितलं असतं? मुद्दाम नाही केलं मी." मग भांडी आपटत म्हणाली, "आता काय बाई, आमची गरज कुणाला!"

हे वाक्य माझं होतं! अगदी माझ्या पोटातलं. तिला म्हणता आलं, मला नाही. मला फक्त म्हणता आलं असतं, सहा वाजून चौतीस मिनिटं, आणि तेही कुणी विचारलं असतं तर.

पुढे त्याने एकेक घेतलं. औषधाची पट्टी, विजेचं बिल, साडी निळी की हिरवी. बाईने त्याच्या बोलण्याचा वेग वाढवत नेला. असा वाढवला की घरात दुसऱ्या कुणाला अक्षर कळेना. वहिनी कान लावून ऐकायची आणि म्हणायची, "हे काय, मधमाश्या सोडल्यात का आत?" बाईला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळायचा. एकोणीस वर्षांनी तिच्याकडे स्वतःचं असं गुपित आलं होतं. मी चांगली असते तर मला आनंद झाला असता. मी चांगली नाही. माझा जळफळाट झाला.

आणि मग त्याने वेळ घेतली. न विचारता सांगायचा. उचलला की आधी वेळ! माझी एक भाकर होती ताटात, तीही त्यानेच उचलली. वीस मिनिटंसुद्धा तोच लावायला लागला. वेत टबात टाकायची, त्याला म्हणायची, "वीस मिनिटं," आणि वीस मिनिटांनी तो किणकिणायचा.

एकच गोष्ट त्याला जमायची नाही. ओलं बोट त्याला ओळखता यायचं नाही. ओल्या हाताने टिचकी मारली की तो बावचळायचा, भलतीच दारं उघडायचा. दर वेळी तिला हात पुसावे लागायचे. फडकं मांडीवर, पूस, विचार, पुन्हा पाण्यात. मी दोन वितींवर बसलेली असायची. कोपर माझ्याकडे यायचं नाही. सवय लागली की माणूस हात पुसत बसतो, पण शेजारी कोण आहे हे विसरतो.

सेलची वेळ झाली. झाली आणि गेली. माझा आवाज लोंबतोय हे कळायला मला दाबायला तर हवं! मी मागे पडायला लागले. सकाळी तो म्हणायचा, "नऊ." माझे काटे आठ पन्नासवर. आठवड्याने आठ तीसवर. मी काय केलं असेल? स्वतःला सांगितलं, तो चुकतोय. नवीन आहे, आगाऊ आहे, पुढे पळतोय. एकोणीस वर्षं जी चुकली नाही ती का चुकेल? जळणाऱ्याला हिशोब असाच दिसतो.

आता तो मंगळवार सांगते.

गावातल्या वाचनालयात वाचायच्या चाळीस खुर्च्या आहेत, सगळ्या वेताच्या, सगळ्या फाटलेल्या. आजवर बाईला काम यायचं ते फर्निचरच्या दुकानदाराकडून. खुर्ची त्याची, गिऱ्हाईक त्याचं, नावही त्याचंच. पण वाचनालयाच्या बाईंनी कुठेतरी तिचं काम बघितलं, बैठकीखाली हात घालून गाठी बघितल्या, आणि कुणी विणली याचा शोध काढत थेट तिच्या फोनवर निरोप धाडला. काचतोंड्याने तो मधमाशीच्या वेगाने वाचला. मग बाईने वेग कमी करून माणसाच्या वेगाने ऐकला. चाळीस खुर्च्या. मंगळवारी बारा वाजता समिती बसणार. काही जणांना वेत काढून लाकडी फळ्या ठोकायच्या आहेत, सुतार तयार आहे. तुम्ही काम घेणार का आणि किती दिवसांत, हे बाराच्या आत कळवा, म्हणजे मी तुमचं नाव मांडते.

तुमचं नाव. हे दोन शब्द बाईने चार वेळा ऐकले.

वहिनी म्हणाली, "आजच कळवून टाकूया की. मी लिहिते."

"नको वहिनी. किती दिवस लागतील ते आधी बघते. उगाच आकडा सांगायचा नाही. आणि मीच कळवीन."

"मीच, मीच! एक यंत्र आलं घरात तर जमीन सुटली पायाखालची." पण म्हणताना वहिनीने तिच्यासमोर चहा ठेवला आणि कपाचा कान तिच्या बोटांकडे फिरवला.

बाईने वाचनालयाच्या मापाची एक चौकट घेतली आणि सोमवारपासून विणायला बसली. एक बैठक किती तासांत होते ते बघायचं, चाळीसने गुणायचं, मग शब्द द्यायचा. मंगळवारी सकाळी वहिनी कामावर गेली, ती एक वाजता यायची. नऊ वाजता काचतोंड्याने वेळ सांगितली. शेवटची तिरकी फेरी उरली होती. बाई मोरीत टब भरायला गेली. नळ सोडला, पाणी धबाधबा वाजायला लागलं.

इतक्यात दादा कामाला निघाला. त्याच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून त्याने काचतोंड्याला उचललं. आत गुणगुण चालू होती, पण काच काळी. "छोटी, तुझा फोन मेलाय गं!" पाण्याच्या आवाजात तिला काय ऐकू येणार? दादाने त्याला हलवला, थोपटला, फुंकर मारली. मग कडेची होती नव्हती ती सगळी बटणं मुठीत आवळून धरली. काच लखकन उजळली. आवाज बंद झाला. त्याला बोलतं करणारी बटणं तीच, मुकं करणारीही तीच.

दादाचा चेहरा असा फुलला जसं काही इंजिन दुरुस्त केलंय. ज्याला फोन लावायचा होता त्याला लावून झाला, काचतोंड्याला जागेवर ठेवलं आणि दारातून ओरडला, "चालू करून ठेवलाय गं!" आणि गेला.

बघा हं. काळा होता, बोलत होता, तेव्हा दादाच्या लेखी तो मेलेला. उजेड फेकत मुका पडला, तेव्हा दादाच्या लेखी जिवंत. माणसं स्वतःला जे लागतं त्यालाच चालू म्हणतात.

आणि मी? मी सगळं बघितलं. मला एवढा आनंद झाला की एक ठोका चुकला.

बाई येऊन बसली. वेत भिजवला, शेवटचीच फेरी म्हणून हात न पुसता वीस मिनिटं मनानेच धरली, शेवटची फेरी ओवली. खूप वेळाने गाठ मारली, हात पुसले, फोन उचलला. तो गप्प. बोट फिरवलं. गप्प. टिचकी मारली. गप्प. कानाशी धरला, गालाला लावून गरम आहे का बघितलं. "अरे, काय झालं तुला?"

तिने कडेची बटणं दाबून बघितली, घाईघाईने, दोन-तीनदा. काही नाही. ती उठून शेजारच्या दाराशी गेली. आमच्या दाराच्या कडीचा आवाज मी ऐकला. नंतर सांगत होती, कडीऐवजी कुलूपच हाताला लागलं म्हणून. परत आली. खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. आणि मग, तीन महिन्यांनी, कोपर माझ्याकडे आलं.

तेव्हा खरे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझे काटे सव्वादहावर होते.

मला ठाऊक होतं का? होतं. आत कुठेतरी होतं. पण माझ्यात 'मला माहीत नाही' हे शब्द भरलेलेच नाहीत. विचारलं की सांगायचं. आणि खरं बोलायचं तर, शब्द असते तरी मी ते वापरले नसते. तीन महिन्यांनी कुणी विचारत होतं. मी म्हटलं, "दहा वाजून पंधरा मिनिटं." लोंबत, पण रुबाबात.

तिचे खांदे सैल झाले. "बरं झालं बाई, तू आहेस. पावणेदोन तास आहेत. बैठकीच्या कडा बांधते, मग नाक्यावरच्या दुकानात जाऊन याला दाखवते."

बरं झालं तू आहेस! त्या वाक्यावर मी आयुष्यभर जगले असते. ती चौकट घेऊन बसली, एकेक खुंटी ठोकत, शांतपणे. जाऊन-येऊन नाक्याचं दुकान चाळीस मिनिटं. आणि मी फळीवर बसून बघत होते की ती जायला हवी आणि जात नाहीये, कारण तिचा माझ्यावर विश्वास आहे. त्याच्यावर जळताना मला एवढं जड कधी वाटलं नव्हतं.

मागच्या गल्लीतल्या शाळेची घंटा झाली. मधल्या सुट्टीची. पोरांचा कल्ला उसळला.

तिची हातोडी वरच राहिली. मधली सुट्टी पावणेबाराला होते. तिने मला दाबलं. मी म्हटलं, "दहा वाजून... पंचावन्न... मिनिटं."

आता तिने तो लोंबणारा आवाज ऐकला. मघाशी घाईत ऐकला नव्हता. "अगं, तू उपाशी आहेस," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मीच बघितलं नाही तुझ्याकडे."

पंधरा मिनिटं. दुकानात जाऊन येणं शक्य नाही. शेजारी कुलूप. वहिनी एकला येणार. समोर चाळीस खुर्च्या आणि सुताराच्या फळ्या. ती जमिनीवर बसली, काचतोंड्याला मांडीवर घेतलं. कडेची दोन्ही बटणं सापडली. "पूर्ण तीन सेकंद," ती स्वतःशीच पुटपुटली. "एकदोनतीन." सोडली. काही नाही. "एकदोनतीन!" घाबरलेल्या माणसाचे तीन सेकंद दीडाच्या वर जात नाहीत. आकडे घसरत होते.

मग ती थांबली. खोलीत माझीच टिकटिक होती. तिने मान माझ्याकडे वळवली. "तू मोज," ती म्हणाली.

मी मोजलं. माझ्यात जेवढा सेल उरला होता तेवढा सगळा लावून मोजलं. एक. एवढा लांब ठोका मी कधी टाकला नसेल. ती वाट बघत राहिली, बोटं बटणांवर. दोन. उतरलेल्या सेलचा ठोका, आळसावलेला, ओढत येणारा. तिने सोडलं नाही. तीन.

आणि काचतोंड्या बोलला. मधमाश्यांच्या वेगाने, मोकळ्या नाकाने. चालू झाल्याचं सांगितलं आणि लगेच, न विचारता, वेळ सांगितली. अकरा वाजून पन्नास मिनिटं.

मी चालू घड्याळ असते, बरोबर चालणारी, तर माझे तीन ठोके तिच्या घाईत कदाचित अपुरे पडले असते. मी मागे पडलेली होते म्हणून पुरले. आता याचं मी काय करायचं? अभिमान बाळगू की लाज? अजून ठरलं नाही.

तिने थेट फोन लावला.

"बाई, मी बोलतेय, खुर्च्या विणणारी."

"अहो, कुठे होतात? सुतार येऊन बसलाय बाहेर!"

"सगळ्या खुर्च्या घेते. दोन महिने लागतील. एकही दिवस कमी सांगणार नाही. पुढची बारा-पंधरा वर्षं त्यांना हात लावावा लागणार नाही."

"दोन महिने?"

"फळ्या ठोकायला दोन दिवस लागतील. मग उन्हाळ्यात त्यावर बसून कोण वाचतंय ते बघा."

पलीकडे हसू ऐकू आलं. "नाव काय मांडू? दुकानाचं?"

"नाही," बाई म्हणाली. "माझं." आणि तिने नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर, वेताची गाठ मारावी तसं.

एक वाजता वहिनी आली तेव्हा काम मिळालं होतं. वहिनी सगळं ऐकून आधी दादाला दोन शिव्या हासडून मोकळी झाली. मग म्हणाली, "तीन सेकंद कुठली बटणं म्हणालात? दाखवा मला. उद्या परत झालं तर?" आणि दोघी जमिनीवर बसून शिकल्या. मामेबहिणीकडे जायचं ठरलं ते त्याच दुपारी. खुर्च्या झाल्यावर चार दिवस घर वहिनी बघणार आहे.

बाईने माझ्यात नवा सेल घातला. मग काय केलं सांगू? त्याला वेळ विचारली आणि त्याच्या तोंडून ऐकून माझे काटे फिरवले! एकोणीस वर्षांच्या संसारानंतर मला काल आलेल्याकडून वेळ घ्यावी लागली. माझं तोंड कडू झालं. पण काटे बरोबर जागी आले तेव्हा बरं वाटलं, हेही कबूल करते.

आता मी कुठे आहे? वाचनालयाच्या मागच्या ओसरीत, टबाशेजारी. बाई मला पिशवीत घालून घेऊन आली. काचतोंड्याही आलाय, पण तो पिशवीत आहे. दिवसभर हात पाण्यात, आणि ओल्या हाताला तो अजून ओळखत नाही. निरोप आला, कुणाला काही विचारायचं असलं, तर ती हात पुसते आणि त्याला काढते. तेव्हा मी तोंड फिरवते. माझी जळजळ गेलेली नाही. ती सेलबरोबर बदलत नाही.

आतल्या वाचणाऱ्यांना माझा आवाज कधी कधी ऐकू जातो. परवा एक आजोबा ओसरीत येऊन म्हणाले, "या घड्याळाला सर्दी झालीय का हो?" बाई म्हणाली, "जन्मापासूनच." आणि हसली. तेच हसू, पहिल्या दिवसाचं. मी ओळखलं.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. तुमच्या घरात जे कुणी न बोलता कोपऱ्यात बसलंय ते चालू आहे असं धरून चालू नका. आणि बंद आहे असंही धरू नका. जाता-येता एकदा विचारा. सेल बदला. आणि दुसऱ्याचं काही दुरुस्त करण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा, नळ वाजत असला तर तो बंद होईपर्यंत थांबा.

थांबा, तिचं कोपर येतंय. तेराव्या खुर्चीचा वेत भिजलाय.

"चार वाजून अठ्ठावीस मिनिटं."

बरोबर आहे. हवं तर त्याला विचारून बघा.